एकशे चोवीस

केयूरने ठेका लावला एकशे अठ्ठावीसवर.
विभावरी म्हणाली, चोवीसवर आण.
का? सगळे क्लब अठ्ठावीसवर नाचतात.
ती म्हणाली, शेवडेबाईंचा गुडघा.

केयूर हसला. मी नाही हसलो.
मी तिला शहाण्णव सालापासून ओळखतो,
म्हणजे तिचा आवाज ओळखतो, काचेच्या या बाजूने.
तेव्हा स्टुडिओ ताडदेवला होता,
आता तिथे टाइल्स विकतात.
कंपनीने तिचं नाव निम्मं छाटून व्हीबा केलं होतं,
कॅसेटच्या कव्हरवर केस निळे.
माझं काम होतं तिचे श्वास लपवणं.
बोट फेडरवर. श्वास आला की खाली, शब्द आला की वर.
इतकी सवय जडली की घरी बायको बोलायला लागली
तरी बोट हलायचं.

दोन अल्बम धो धो चालले.
तिसरा भिवंडीच्या गोदामात पडून राहिला,
पुढे पाण्यात गेला म्हणतात. मोजायला कोणी गेलं नाही.

मग ती होती कुठे?
कोणी म्हणे दुबई, कोणी म्हणे तब्येत,
कोणी आवाज खाली आणून काही काही म्हणे.
ती दहिसरला होती.
सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, सकाळी सहाला,
टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवून
अठरा बायकांना नाचवत होती.
एकोणीस वर्षं.
पन्नास रुपये फी वाढवली की दोघी गळायच्या,
दिवाळीनंतर परत यायच्या, फराळाच्या वजनासकट.

कोणत्या कडव्यापाशी बायका घड्याळ बघतात,
कुठे थकवा विसरतात,
कोणत्या ठोक्याला कंबर आपोआप वळते आणि
कोणत्या ठोक्याला फक्त शेजारणीकडे बघून वळवावी लागते,
हे सगळं तिने एका वहीत लिहून ठेवलं होतं.
रुद्राक्षाचं चित्र असलेली, बँकेची फुकटची वही.
तोच हा अल्बम.

स्टुडिओ आता मालाडला, एका गाळ्यात.
खाली इमिटेशन दागिन्यांचा प्रेस, ठप्प, ठप्प,
माइकमध्ये शिरतो.
केयूर शिव्या देतो, ती डबा उघडून बसते.
एक ते दोन कारागिरांची जेवणाची सुट्टी.
तेवढ्या तासात आम्ही गाणं करतो.

वरचा सा पूर्वीच्या जागी नाही.
दोन पायऱ्या खाली उभा असतो,
कठड्याला हात टेकून.
केयूरने तो पडद्यावर धरला, सरळ केला,
चार सेकंद लागले असतील.
तिने डोळे मिटून ऐकलं.
छान गाते, म्हणाली. कोण ही?

त्याने मुकाट्याने होता तसा ठेवला.

आणि माझं बोट फेडरवर होतंच. जुनी खोड.
तिने काचेतून बरोबर तेवढंच पाहिलं.
आचरेकर, राहू द्या तो.
बायकांना कळायला नको, कधी घ्यायचा?

अल्बम बाहेर आला त्या दिवशी केयूर
फोनवर आकडे बघत होता, बघत होता,
मग त्याने फोन खिशात टाकला.
दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे दहिसरला.
टेबल सरकवायला मीही हात लावला, जड आहे.
स्पीकर छोटा, कोपऱ्यात कुणाच्या तरी नातवाची सायकल.

ठेका सुरू झाला.
पहिल्या ओळीच्या आधी तो श्वास आला,
आख्खा, खरखरीत,
आणि अठरा छात्या एकदम फुगल्या.
मी चपलांपाशी उभा होतो. माझीही.
सत्तावीस वर्षांत मी अशा किती हजार वेळा
हा आवाज दाबला असेन, हिशेब मांडायचा नाही असं ठरवलं,
तरी मांडला.

गाणं संपलं.
शेवडेबाईंनी पदराने मान पुसली,
गुडघा एकदा वाकवून पाहिला, सरळ केला.
चांगलंय गं, म्हणाल्या,
पण जरा संथ नाही का?

विभावरीने केयूरकडे बघायचं टाळलं.